साहेब रजेवर गेले की चार्ज कोणाकडे आणि कसा द्यायचा : प्रभारी अधिकारी नेमण्याची सगळी प्रोसेस

महसूल खात्यात आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा, पगार बघणाऱ्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. त्या काळात एक वाक्य मी लोकांच्या तोंडावर इतक्या वेळा फेकलेलं ऐकलं की त्याचा राग अजून जात नाही, "साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या". चाळीस किलोमीटरवरून एसटीने आलेली बाई, पोराच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो, आणि साहेब पंधरा दिवस ट्रेनिंगला गेलेले असतात. आता साहेबांनी ट्रेनिंगला जाऊ नये असं कोणी म्हणत नाही, पण त्यांच्या खुर्चीचं काम कोण बघणार याची ऑर्डर धड निघालेली नसते, किंवा निघाली असते पण त्यात सहीचे अधिकार लिहिलेले नसतात, आणि मग प्रभारी माणूस घाबरून कशावरच सही करत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. आस्थापनेवर नवीन आलेल्या क्लार्कला, पहिल्यांदा चार्ज घेणाऱ्या नायब तहसीलदाराला आणि कुठल्याही खात्यातल्या ऑफिस सुपरिटेंडेंटला उपयोगी पडेल. उदाहरणं महसूलची आहेत कारण मला तेच माहिती, पण सांगाडा सगळीकडे साधारण हाच.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. उपजिल्हाधिकारी, उपसचिव, उपसंचालक ही कायमची पदं वेगळी, ती एमपीएससीतून किंवा बढतीने भरली जातात, त्यांचं इथे काही नाही. इथे बोलतोय ते वरचा अधिकारी नसताना त्याच्या जागी तात्पुरता माणूस नेमण्याबद्दल.

आधी ठरवा, नक्की कुठला प्रकार आहे

ऑफिसात सगळ्यालाच "चार्ज" म्हणतात पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा घोळ इथूनच सुरू होतो. साहेब दोन दिवस किरकोळ रजेवर गेले तर पद त्यांच्याकडेच राहतं, दुसरा कोणीतरी फक्त दैनंदिन काम बघतो, पत्रांवर "तहसीलदार करिता" अशी सही करतो, त्याच्याकडे स्वतःचे असे अधिकार काही येत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे अर्जित रजा, वैद्यकीय रजा किंवा मोठं ट्रेनिंग, इथे रीतसर ऑर्डर काढून दुसऱ्याला प्रभारी करायचं. तिसरा म्हणजे पदच रिकामं झालं, बदली झाली, रिटायर झाले, निधन झालं, आणि नवीन माणूस अजून आलेला नाही, तेव्हा दुसऱ्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे त्याचं स्वतःचं काम सांभाळून अतिरिक्त कार्यभार दिला जातो.

फाईलवर टिपणी लिहिताना पहिल्याच परिच्छेदात यातला कुठला प्रकार ते स्पष्ट लिहा. नुसतं "साहेब बाहेरगावी असल्याने कार्यभार श्री. अमुक यांच्याकडे" असं लिहिलं की पुढे ऑडिटवाला, ट्रेझरीवाला आणि कोर्टातला वकील असे तिघं मिळून त्याचे तीन अर्थ काढतात.

ऑर्डर कोणी काढायची

जाणाऱ्या साहेबांनी स्वतःच आपला प्रभारी नेमायचा नसतो. ते सुचवू शकतात, रजेच्या अर्जातच "माझ्या अनुपस्थितीत अमुक यांच्याकडे कार्यभार द्यावा" असं लिहितात आणि ती पद्धत चांगलीच आहे, पण नेमणूक करायची ती त्या पदासाठी सक्षम असलेल्या वरच्या प्राधिकाऱ्याने. मी अशा कितीतरी फाईली बघितल्यात की साहेबांनी निघता निघता कोऱ्या कागदावर "मी परत येईपर्यंत हे काम बघतील" असं लिहून खाली सही ठोकली आणि गाडीत बसले. असा कागद तुमच्या टेबलावर आला तर तो नुसता फाईलला लावून गप्प बसू नका. त्याच दिवशी वरच्या ऑफिसला प्रस्ताव पाठवा, ईमेलने पाठवा, फोन करून आठवण द्या, कारण उद्या काही अडलं तर त्या चिठ्ठीला कुठेच किंमत नसते.

प्रस्ताव वेळेत जाणं फार महत्त्वाचं आहे. रजा कळली त्याच दिवशी प्रस्ताव जाऊ द्या, रजा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी नको. बदल्यांच्या सीझनमध्ये तर आणखी सावध राहा, २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात आणि लगेच जूनमध्ये दाखल्यांची झुंबड उडते. नेमक्या गर्दीच्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या असतात.

माणूस कोण निवडायचा

साधा नियम असा की त्याच ऑफिसातला, त्याच दर्जाचा किंवा लगेच खालच्या दर्जाचा, सेवाज्येष्ठ माणूस. ज्येष्ठ माणसाला डावलून कनिष्ठाला द्यायचं असेल तर त्याचं कारण टिपणीत लिहा, नाहीतर ऑफिसात कायमची तेढ बसते आणि प्रकरण मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाऊ शकतं. मग बघायचं की त्याच्यावर विभागीय चौकशी चालू आहे का, पुढच्या महिन्यात तो स्वतः रिटायर होतोय का, त्याची आधीच रजा मंजूर झालीय का. हे सगळं तुमच्याकडच्या सेवापुस्तकात आणि रजेच्या नोंदीत असतं, दहा मिनिटांचं काम आहे. बाहेरच्या तालुक्यातल्या माणसाला द्यायची वेळ आली तर अंतर बघा. दोन तालुक्यांचा चार्ज असलेला माणूस शेवटी कुठल्याच तालुक्यात पूर्ण दिवस भेटत नाही, म्हणून तो इथे कुठल्या वारी बसणार ते ऑर्डरमध्येच लिहायला लावा.

पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते वेगळ्याच गोष्टीकडे, आणि ती म्हणजे अपील. थोडं थांबून हे नीट समजून घ्या. समजा तहसील ऑफिसात नायब तहसीलदार माहितीच्या अधिकाराखाली जन माहिती अधिकारी आहेत आणि तहसीलदार प्रथम अपिलीय अधिकारी. आता तहसीलदार रजेवर गेले आणि चार्ज त्याच नायब तहसीलदारांकडे आला. म्हणजे ज्यांनी माहिती नाकारली त्यांच्याविरुद्धचं अपील तेच ऐकणार. हे चालत नाही, आपल्याच निर्णयावर आपणच न्याय द्यायला बसायचं नसतं. जमिनीच्या केसमध्ये तर हे जास्त गंभीर होतं, तहसीलदाराच्या निर्णयावरचं अपील प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जातं, आणि त्याच तहसीलदाराकडे प्रांताचा चार्ज असेल तर त्याने दिलेल्या निकालावरची अपिलं त्याच्याच बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) लागतात. यावर उपाय सोपा आहे, ऑर्डरमध्ये एक ओळ घालायची की प्रभारी अधिकाऱ्याने स्वतः निर्णय दिलेली प्रकरणं तो चालवणार नाही, ती अमुक अधिकाऱ्याकडे वर्ग राहतील. आणि ही ओळ घालायची सक्षम प्राधिकाऱ्याकडूनच, बोर्डाच्या क्लार्कने तारखा पुढे ढकलत बसायच्या नाहीत. माहिती अधिकारात पहिलं अपील ३० दिवसांत आणि कारण लिहून जास्तीत जास्त ४५ दिवसांत संपवायचं असतं, साहेब महिनाभर नसले तर मुदत तशीच निघून जाते.

कायदा उघडून बघा, सगळे अधिकार आपोआप येत नाहीत

हा सगळ्यात अवघड टप्पा. बहुतेक जण म्हणतात चार्ज मिळाला म्हणजे खुर्चीचे सगळे अधिकार मिळाले, पण तसं नाही. प्रशासकीय अधिकार, म्हणजे रजा मंजूर करणं, पत्रव्यवहार, ऑफिस चालवणं, हे एक. आर्थिक अधिकार, बिलं काढणं, खर्चाला मंजुरी, हे दुसरं. आणि कायद्याने त्या पदाला दिलेले वैधानिक अधिकार हे तिसरं, इथेच ऑर्डरी कोर्टात पडतात. केंद्र सरकारने १९६३ मध्येच स्पष्ट केलंय की ज्याच्याकडे फक्त चालू कामकाज सोपवलंय तो प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार वापरू शकतो पण वैधानिक अधिकार वापरू शकत नाही.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे अजैब सिंग विरुद्ध गुरबचन सिंग हा १९६५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. पंजाबमध्ये जिल्हा मॅजिस्ट्रेटची बदली झाली, अतिरिक्त जिल्हा मॅजिस्ट्रेट त्यांचं काम बघत होते, आणि त्यांनी भारत संरक्षण नियमांखाली एकाला स्थानबद्ध करायची ऑर्डर काढली. कायद्यात म्हटलं होतं की असा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला देता येणार नाही. कोर्टाने ऑर्डर टिकू दिली नाही, कारण काम हातात आलं होतं तरी तो दर्जा आला नव्हता. माणूस आत की बाहेर हे त्या एका मुद्द्यावर ठरलं. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की चार्जची ऑर्डर ही आस्थापनेची किरकोळ कागदपत्रं नाहीत.

काही कायद्यांनी मात्र ही सोय आधीच करून ठेवलीय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १० बघा. कलेक्टर किंवा तहसीलदार काम करू शकत नसेल, पद सोडून गेला, आपलं कार्यक्षेत्र सोडून गेला किंवा वारला, तर कलेक्टरच्या जागी अतिरिक्त जिल्हाधिकारी, ते नसतील तर जिल्ह्यातला सगळ्यात वरच्या दर्जाचा सहायक किंवा उपजिल्हाधिकारी, आणि तहसीलदाराच्या जागी अतिरिक्त तहसीलदार, नाहीतर नायब तहसीलदार किंवा तालुक्यातला सगळ्यात ज्येष्ठ महसूल अधिकारी तात्पुरता येतो. सरकारने वेगळी सोय केली नसेल तर हे आपोआप होतं, आणि त्या काळात संहितेपुरता तोच कलेक्टर किंवा तहसीलदार मानला जातो. यातला "संहितेपुरता" हा शब्द अधोरेखित करा. ७/१२ आणि फेरफाराच्या कामाला हे कलम पुरतं, दुसऱ्या कायद्याच्या कामाला त्या दुसऱ्या कायद्यातच शोधावं लागतं. जिल्हा दंडाधिकाऱ्याचं (म्हणजे जिल्हा मॅजिस्ट्रेटचं) पद रिकामं झालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४ मध्ये तशी सोय आहे (आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २० मध्ये होती). निवडणुकीचं आणखी वेगळं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २२ प्रमाणे सहायक निवडणूक निर्णय अधिकारी आरओची (मुख्य निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची) सगळी कामं करू शकतो, पण उमेदवारी अर्जांची छाननी मात्र आरओला अगदीच टाळता येणार नाही अशी अडचण असल्याशिवाय करू शकत नाही. काय द्यायचं आणि काय राखून ठेवायचं हे एका वाक्यात सांगितलंय. आपल्या ऑर्डरी अशाच असाव्यात.

करायचं काय, तर एक कोरा कागद घ्या आणि त्या खुर्चीवर कुठकुठल्या कायद्याखाली सह्या होतात त्याची यादी करा. बोर्डाचा क्लार्क, पुरवठा शाखा, निवडणूक शाखा, संजय गांधी योजनेचं टेबल, सगळ्यांना विचारा. मग प्रत्येक कायद्यापुढे लिहा की अधिकार पदाला दिलाय की नावाने दिलाय. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्टच्या) कलम १५ प्रमाणे नेमणूक नावाने किंवा पदाने कशीही करता येते, म्हणून मूळ अधिसूचना शोधून बघितल्याशिवाय कळत नाही. अधिसूचना नावाने असेल तर प्रभारीच्या नावाने नवीन लागणार, त्यासाठी वेगळा प्रस्ताव. ही यादी एकदा केली की दरवेळी उपयोगी पडते, मी करून ठेवली होती ती माझ्या नंतरच्या दोघांनी वापरली.

नुसत्या पदनामावर जाऊ नका हे कळायला मोठं उदाहरणही आहे. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाहीच, १९७८ साली नाशिकराव तिरपुडे महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री झाले तेव्हापासून आजपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ते मंत्रीच असतात, आणि त्यांचे अधिकार येतात ते वाटून दिलेल्या खात्यांमधून.

ऑर्डर कशी लिहायची

मी वापरायचो तो मजकूर साधारण असा :

"श्री. ____, तहसीलदार, ____ हे दि. ____ ते दि. ____ या कालावधीत अर्जित रजेवर जात असल्याने, त्यांच्या पदाचा कार्यभार श्री. ____, नायब तहसीलदार, ____ यांच्याकडे त्यांचे मूळ पदाचे कामकाज सांभाळून दि. ____ मध्यान्होत्तर पासून पुढील आदेश होईपर्यंत किंवा मूळ अधिकारी रुजू होईपर्यंत, यापैकी जे आधी घडेल तोपर्यंत सोपविण्यात येत आहे. उक्त कालावधीत ते सदर पदाचे प्रशासकीय अधिकार, आहरण व संवितरण अधिकारी म्हणून वित्तीय अधिकार, तसेच सोबतच्या यादीतील अधिनियमांखालील अधिकार वापरतील. त्यांनी स्वतः निर्णय दिलेल्या प्रकरणांतील अपिले ते चालविणार नाहीत, ती श्री. ____ यांच्याकडे राहतील. प्रभारी श्री. ____ हेही अनुपस्थित असल्यास श्री. ____ हे कार्यभार पाहतील."

मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहायला विसरू नका, पगार आणि रजा दोन्ही त्या अर्ध्या दिवसावर ठरतात.

शेवटच्या ओळीबद्दल लोक विचारतात की प्रभारीचा पण प्रभारी कशाला. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले, उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम बघायला लागले, पण गिरींना स्वतः निवडणूक लढवायची होती आणि ते जुलैमध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपती पण नाही. अशा वेळी काय, याचं उत्तर घटनेत थेट लिहिलेलं नव्हतं, म्हणून संसदेने त्याच मे महिन्यात खास कायदा करून ठेवला होता की अशा वेळी सरन्यायाधीश काम बघतील. त्यामुळे नागपुरात वकिली करून वर गेलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला महिनाभर देशाचे हंगामी राष्ट्रपती झाले. दिल्लीला महिन्याच्या आत कायदा करता आला, आपल्या तालुक्यात प्रभारी साहेबांना डेंग्यू झाला तर आपल्याकडे ती एक ओळच असते.

आणि ही पद्धत आपल्याकडे नवीन नाही. शिवकाळात अष्टप्रधानांतले बरेचसे प्रधान स्वारीवर जायचे, तेव्हा त्यांच्या मागे कारभार बघायला मुतालिक असायचा, धन्याच्या वतीने कागद तोच पार पाडायचा. मुतालिक आडनाव त्यातूनच आलं. माणूस घोड्यावर असला तरी रयतेचा कागद थांबायला नको, हा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी होता याचं मला खूप कौतुक वाटतं.

प्रत्यक्ष चार्ज देणं-घेणं

चार्ज मुख्यालयात, देणारा आणि घेणारा दोघं समोर असताना द्यायचा. फोनवरून चार्ज होत नाही. दोघांच्या सहीचं कार्यभार हस्तांतरण प्रमाणपत्र करा, प्रती वरच्या ऑफिसला, ट्रेझरीला, आणि दोघांच्या वैयक्तिक नस्तीला.

कॅशबुक त्या दिवशी बंद करून शिल्लक अक्षरात लिहा, तिजोरीतली रक्कम खरोखर मोजा, दोघांच्या सह्या घ्या. चेकबुक असेल तर शेवटचा वापरलेला आणि पहिला कोरा चेक नंबर लिहा. तिजोरीच्या चाव्या, गोल शिक्का, गोपनीय कपाट, गाडीचं लॉगबुक. मग प्रलंबित कामांची यादी, आणि ही यादी मोघम नको. "काही प्रकरणे प्रलंबित" असं लिहिलेलं प्रमाणपत्र माझ्या हातून एकदा पुढे गेलं होतं, आणि त्यात हायकोर्टात शपथपत्र दाखल करायची एक तारीख होती जी कोणालाच माहिती नव्हती. ती तारीख चुकली. पुढे ते निस्तरलं, पण त्या शेतकऱ्याची केस सहा महिने मागे गेली, आणि ती चूक माझ्या टेबलाची होती. तेव्हापासून मी यादीत चार गोष्टी वेगळ्या लिहायला लागलो : कोर्टाच्या तारखा, माहिती अधिकाराच्या मुदती, लोकसेवा हक्क कायद्यातल्या सेवांच्या मुदती, आणि विधानमंडळाचे तारांकित प्रश्न. हे चारही साहेब आहेत की नाहीत बघत नाहीत. माहिती अधिकारात उशीर झाला तर दंड दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० असतो, आणि तो माणसाच्या पगारातून जातो.

आता डिजिटल सही. यावर मला जरा जोर देऊन बोलायचंय. साहेब जाताना डोंगल ऑपरेटरकडे ठेवून जातात, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात, आणि दाखले निघत राहतात. सगळ्यांना वाटतं लोकांची सोय झाली. पण साहेब रजेवर असताना त्यांच्या सहीने निघालेला दाखला म्हणजे त्यांनी न केलेली सही, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपली खाजगी की (डिजिटल सहीची गुप्त किल्ली) आपल्याच ताब्यात ठेवायची जबाबदारी सही असणाऱ्याची असते. एखादा खोटा दाखला त्यातून निघाला तर साहेब पण अडकतात, ऑपरेटर पण आणि आस्थापना पण. म्हणून प्रभारीची स्वतःची डिजिटल सही आधीच काढून घ्या. ज्येष्ठ नायब तहसीलदाराकडे ती वर्षभर तयारच असावी, कारण ऐनवेळी काढायला गेलं की केवायसी, टोकन, पोर्टलवर मॅपिंग यात आठवडा जातो. ई-ऑफिसमध्ये पण फाईली साहेबांच्या लॉगिनमध्ये अडकून पडतात, जाण्याआधी त्या प्रभारीच्या लॉगिनला पाठवून घ्या.

ट्रेझरी आणि पगार

साहेब आहरण व संवितरण अधिकारी (डीडीओ, म्हणजे ट्रेझरीतून सरकारी पैसे काढून वाटणारे) असतील तर प्रभारीच्या नमुना सह्या ट्रेझरीला पाठवायच्या, त्या जुन्या अधिकाऱ्याने किंवा वरच्या ऑफिसने साक्षांकित केलेल्या असाव्यात, सोबत ऑर्डरची प्रत आणि हस्तांतरण प्रमाणपत्र. सेवार्थवर (पगाराच्या ऑनलाईन प्रणालीवर) डीडीओचं नाव बदलून घ्या, बीम्सवर (अनुदान वाटपाच्या प्रणालीवर) बघा, बँकेत खातं असेल तर तिथे पण पत्र द्या. महिन्याच्या वीस तारखेनंतर चार्ज बदलत असेल तर हे सगळं त्याच दिवशी करा, नाहीतर चाळीस जणांचे पगार लटकतात, आणि त्यातल्या कोतवालाच्या घरी तो पगार एक तारखेलाच लागतो.

लोकांना कळवा

हा टप्पा कुठल्या नियमात ठळक लिहिलेला नाही म्हणून कोणी करत नाही, पण माझ्या मते ऑर्डरइतकाच गरजेचा आहे. ऑफिसच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद लावा : साहेब या तारखेपासून या तारखेपर्यंत रजेवर, काम हे बघतील, अमुक खोलीत, या वेळेत भेटतील. माहिती अधिकाराच्या फलकावरचं नाव बदला. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका म्हणजे गावात आधीच कळेल. सेतूवाल्याला सांगा. पाच मिनिटांचं काम, आणि किती माणसांचा एसटीचा खर्च वाचतो.

चार्ज घेतलेल्याने काय करायचं, काय नाही

सही करताना पदनाम नीट लिहा. रीतसर प्रभारी असाल तर "प्रभारी तहसीलदार", स्वतःच्या नावासकट. नुसतं काम बघत असाल तर "तहसीलदार करिता". एकाच दिवसात दोन्ही प्रकारच्या सह्या असलेल्या फाईली मी बघितल्यात, अपिलात वकील पहिला मुद्दा तोच काढतो.

काही जण चार्ज आला की वर्षभर अडकलेल्या वादग्रस्त फाईली धडाधड काढायला लागतात, ते करू नका. युक्तिवाद मूळ साहेबांपुढे झालाय आणि निकाल राखून ठेवलाय अशी केस असेल तर ज्याने ऐकलं त्यालाच निकाल देऊ द्या. पण दुसऱ्या टोकाला जाऊन सगळंच थांबवणं हेही चूक आहे आणि हे जास्त घडतं. दाखले, रस्ता अडवल्याचे अर्ज, गारपिटीचे पंचनामे, अनुदानाच्या याद्या, हे थांबवायचा तुम्हाला काही अधिकार नाही. बदल्यांच्या त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये म्हटलंय की सर्वसाधारणपणे कुठलीही फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडू नये, आणि साहेब रजेवर असल्याची सूट त्यात दिलेली नाही. शंका असेल तर वरच्या ऑफिसला एक पानाचं पत्र लिहून मार्गदर्शन मागा, पण फाईल उशाला घेऊन बसू नका.

तुम्ही चार्जमध्ये असताना दिलेल्या महत्त्वाच्या निर्णयांची एक वही ठेवा. तारीख, फाईल नंबर, काय ठरलं, कशाच्या आधारे. साहेब आले की ती त्यांना वाचायला द्या.

अतिरिक्त वेतन मिळतं का

मिळू शकतं, पण दरवेळी नाही. राज्यात महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१ चा नियम ५६ बघायचा. केंद्रात मूलभूत नियम ४९ आहे, तिथे दुसऱ्या ऑफिसातल्या किंवा दुसऱ्या केडरच्या पदाचा पूर्ण चार्ज ४५ दिवसांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपर्यंत असेल तर त्या पदाच्या गृहीत वेतनाच्या (त्या पदावर रीतसर नेमणूक असती तर मिळालं असतं त्या वेतनाच्या) १० टक्के मिळतात, आणि फक्त चालू कामकाज बघितलं तर कितीही दिवस झाले तरी काही मिळत नाही. म्हणजे परत पहिलाच मुद्दा आला, ऑर्डरमध्ये "कार्यभार" लिहिलंय की "दैनंदिन कामकाज" यावर पैसे ठरतात. माझ्याबरोबरच्या एका चांगल्या माणसाने सात महिने दोन पदं ओढली आणि ऑर्डरमधल्या एका शब्दामुळे त्याला एक रुपया मिळाला नाही. तो शब्द लिहिणारा आस्थापनेचा क्लार्क असतो, तेव्हा लिहिताना समोरच्याचे कष्ट डोळ्यापुढे ठेवा.

चार्जमुळे बढतीचा हक्क मात्र येत नाही. गोव्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलंय की खालच्या पदावरच्या माणसाला वरच्या पदाचं काम बघायला सांगणं म्हणजे बढती नव्हे.

परत देताना

मूळ साहेब रुजू झाले की सगळं उलट्या क्रमाने, रुजू अहवाल, हस्तांतरण प्रमाणपत्र, कॅशबुक, चाव्या, शिक्का. ट्रेझरीला परत पत्र. दारावरचा कागद काढा, फलकावरचं नाव बदला. रजा वाढवली तर मुदतवाढीची ऑर्डर जुनी मुदत संपण्याआधी निघाली पाहिजे, मधला एक दिवस जरी मोकळा राहिला तरी त्या दिवशीच्या प्रत्येक सहीवर बोट ठेवता येतं. मी कॅलेंडरवर मुदत संपायच्या आठ दिवस आधीच्या तारखेला लाल गोल करून ठेवायचो, आणि त्या दिवशी सकाळी पहिला फोन साहेबांनाच करायचो, येताय ना म्हणून.